वरची खोली, माणसं दोन

काकू आणि मास्तर यांच्या घरात सकाळी सातच्या आत एकमेकांशी बोलायचं नाही, असा नियम होता. नियम अर्थातच काकूंचा. मास्तर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. डोळे उघडल्याबरोबर त्यांना जगाच्या चुका दिसायला लागत, आणि चहा पोटात गेल्याशिवाय काकूंना कोणाचा उपदेश सोसत नसे. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला एक पाटी टांगलेली होती. संध्याकाळी काकू तिच्यावर खडूने लिहीत : कोणती खोली, माणसं किती, अंडी कशी. पहाटे मास्तर ती वाचून टेबल मांडत. गॅसची शेगडी काकूंची, टेबल मास्तरांचं. चाळीस वर्षांचा संसार या पाटीवर टिकलाय, असं काकू पाहुण्यांना सांगत, आणि मास्तर "पाटीवर आहे ते खरं" एवढंच म्हणत.

मुलं परगावी गेली तेव्हा तीन खोल्या रिकाम्या पडल्या. त्यांनी त्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. रात्रीची राहायची सोय आणि सकाळचा नाश्ता, बस. गाव छोटं पण देखणं होतं. उतरते दगडी रस्ते, खिडक्याखिडक्यांत फुलांच्या कुंड्या, नदीवर कमानींचा पूल. सुट्ट्यांच्या दिवसांत खोली मिळत नसे. पण ही गोष्ट थंडीच्या ऐन कडाक्यातली आहे. तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं, आणि फोनवर एका गृहस्थांनी दोघांसाठी वरची खोली मागितली तेव्हा काकूंना बरंच वाटलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "वरची खोली, माणसं दोन."

गृहस्थ आले ते दिवेलागणीला. बाहेर धुकं उतरलं होतं आणि रस्त्यावरून ओल्या लाकडाचा वास येत होता. काकूंनी दार उघडलं.

"या, या. दोघंही आधी आत या, गारठा आहे."

पायरीवरच्या माणसाने पाऊल उचललं होतं, ते तसंच राहिलं.

"दोघं?" तो हळूच म्हणाला. "तुम्हाला... दोघं दिसले?"

काकू ओशाळल्या. पायरीवर एकच माणूस होता. राखाडी कोट, हातात लहानशी बॅग. "चष्मा आत राहिलाय हो माझा. फोनवर दोघं म्हणालात, म्हणून वाटलं. बाई मागून येतायत का?"

"मी एकटाच आहे."

आत आल्यावर त्याने पाहुण्यांच्या वहीत सही केली. काकू त्याच्याशी बोलत होत्या, हवापाणी, प्रवास, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांची नजर त्याच्या तोंडावर ठरत नव्हती. सारखी घसरून त्याच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे जात होती, तिथे कोणी उभं असावं तशी. समोरचा माणूस तिरळा असला की आपलाही डोळा चुकतो, तसं काहीतरी असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

वरच्या खोलीत त्याने पलंगाच्या चादरीचा दुमडलेला कोपरा बोटाने चाचपून पाहिला. "हाताने घट्ट खोचता तुम्ही. आम्हीही असंच करायचो. माझंही असंच घर होतं, पाच खोल्यांचं."

"मग आता?"

"आता नाही." त्याने चादर पुन्हा सारखी केली. मग म्हणाला, "काकू, माझं एक काम कराल? उद्या सकाळी टेबलावर एकच जागा मांडा. एक खुर्ची, एक कप, एक बशी. चुकूनसुद्धा दुसरी नको."

"अहो, एक कप जास्त ठेवला तर काय बिघडतंय?"

"काकू..." त्याने एक बोट वर केलं. "एकच."

माणूस विक्षिप्त, पण पाहुणा. काकू "बरं" म्हणाल्या आणि पाटी पुसायला म्हणून खाली आल्या. पुसायचं फडकं हातात घेतलं तेवढ्यात फोन वाजला. फोन बहिणीचा. काकूंच्या बहिणीचा फोन म्हणजे शेगडीवरचं दूध उतू गेल्याशिवाय संपत नाही. पाऊण तासाने तो खाली ठेवला तेव्हा फडकं खांद्यावर होतं आणि दाराजवळ कशाला आलो होतो हे काकूंच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

सकाळी साडेसहा वाजले तरी बाहेर काळोखच होता. काकू स्वयंपाकघरात अंडी फोडत होत्या. पलीकडे जेवणघरात मास्तरांची रोजची खुडबुड चालू होती. चमच्यांची किणकिण, बशा, मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग आणखी एक खुर्ची.

काकूंचा हात थांबला. त्यांना पाटी आठवली.

"या, बसा," मास्तर कोणाला तरी म्हणत होते. "झोप लागली ना? चहा ओतू?"

म्हणजे गृहस्थ लवकर उठले वाटतं, असं काकूंच्या मनात आलं. आणि त्याच वेळी डोक्यावर, वरच्या खोलीत, पावलं वाजली. पलंगापासून मोरीपर्यंत. मग नळ सुटला. त्या घरात त्या दिवशी चौथं माणूस नव्हतं.

भिंतीत बशा पलीकडे सरकवायची एक छोटी खिडकी होती. काकूंनी तिची झडप बोटभर उचलली. मास्तर रिकाम्या खुर्चीपाशी वाकून उभे होते. कप भरलेला होता.

"साखर?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट पाहिली. मग मान हलवून दोन चमचे घातले.

"अहो..." काकूंनी खिडकीतूनच विचारलं. "कोणाशी बोलताय?"

"कोणाशी म्हणजे? पाहुण्यांशी." मास्तर वळले, परत खुर्चीकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आत्ता तर होते..."

तेवढ्यात पाहुणा जिना उतरून दारात आला. त्याने टेबल पाहिलं. दोन कप, दोन बशा, मागे ओढलेल्या दोन खुर्च्या. तो ओरडेल असं काकूंना वाटलं, पण तो मटकन दुसऱ्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. मग डोळे पुसून तो जेवला. हो, जेवलाच म्हणायचं. चार अंडी, अर्धा पाव, मुरंब्याची बरणी तळापर्यंत. खाताना काकूंना त्याचा चेहरा दिसत होता. हनुवटीवर तीळ होता, एक भुवई मध्येच तुटलेली होती. काल रात्री त्याचं वर्णन करायची वेळ आली असती तर त्यांना यातलं काही सांगता आलं नसतं.

तो निघताना काकूंनी त्याला दारातच अडवलं.

"टेबल कोणी मांडलं?" त्यानेच आधी विचारलं.

"ते मास्तरांचं काम. मी पाटी पुसायची विसरले."

"चहासुद्धा त्यांनीच ओतला?"

"हो. काय आहे हे? खरं सांगा मला."

त्याने मान खाली घातली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, एकच म्हणून. सांगितलं होतं ना?"

"आणि फोनवर दोघं कोणी सांगितलं होतं?"

"दर ठिकाणी दोघंच सांगतो," तो म्हणाला. "आणि दारात आलो की धीर सुटतो. माणसं चांगली निघतात हो... माझ्याकडेही असंच कोणीतरी त्याला सोडून गेलं. कोण आहे तो, मला माहीत नाही. जो त्याची जागा मांडतो त्याच्या डाव्या हाताला तो राहतो. त्रास देत नाही. फक्त लोक हळूहळू तुमच्याऐवजी त्याच्याकडे बघायला लागतात. एका सकाळी माझी बायको माझ्या शेजारच्या हवेला म्हणाली, अहो, हा कोण परका माणूस घरात आलाय?"

काकूंनी दाराची चौकट धरली.

"किती दिवसांत?"

"मला वर्ष लागलं. माझ्या आधीच्याला दोन लागली होती." त्याने बॅग उचलली. "त्याला आता सवय होत चाललीये."

तो उतार उतरून गेला. त्याची पावलं हलकी पडत होती, आणि काकूंनी जन्मात कोणा पाहुण्याला दिली नव्हती ती शिवी मनातल्या मनात त्याला दिली.

मास्तरांना त्यांनी काही सांगितलं नाही. सांगून काय, ते म्हणाले असते, पुरावा दाखव. पुरावा दुसऱ्याच सकाळी पाववाल्याने दाखवला. तो वर्षानुवर्षं मास्तरांशी दारात दोन मिनिटं राजकारण बोलायचा. त्या दिवशीही बोलला, हसला, पण सगळा वेळ मास्तरांच्या डावीकडे बघून. जाताना राम राम केला तोही तिकडेच. "याला चष्मा लागलाय," मास्तर आत येऊन कुरकुरले.

त्या दुपारी काकू मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होत्या. मास्तर फाटक उघडून आले. काकूंनी वर पाहिलं, आणि त्यांची नजर घसरली. त्यांनी ती ओढून आणली. पुन्हा घसरली. ओल्या चादरी तशाच टाकून त्या धावल्या आणि मास्तरांचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"अगं, लोक बघतील!"

"बघू द्या. हलू नका."

हाताला नाक लागलं, दाढीचे खुंट लागले, कपाळावरच्या खोकेची खूण लागली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माळ्यावरून ट्रंक पडून झालेली. हे सगळं हाताला कळत होतं, पण डोळे तिथे टिकत नव्हते. काकू भ्याल्या. नवरा मरेल ही भीती या वयात प्रत्येकीला असते, तिची सवय होते. पण नवरा समोर जेवत बसलाय आणि आपण विचारतोय, हा कोण परका माणूस, या भीतीला कसं तोंड द्यायचं ते त्यांना कळेना.

संध्याकाळी एका बाईचा फोन आला. नवरा-बायको आणि सहा महिन्यांचं बाळ, शनिवारी खोली मिळेल का? काकूंच्या तोंडावर "हो" आलं होतं. मिळेल की, टेबल तेवढं तुम्हीच मांडून घ्या, एक जागा जास्तीची मांडा, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. इतकं सोपं होतं ते. मागे जेवणघरात मास्तर एकटेच हसत होते, कोणाचा तरी विनोद ऐकल्यासारखे.

"खोली नाही," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे आता खोलीच नाही. दुसरीकडे बघा, बाई."

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या मास्तरांच्या आधी उठल्या. या घरात टेबलाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. काटे कोणत्या बाजूला, सुऱ्या कोणत्या, हेही नीट ठाऊक नव्हतं. जेवणघर थंडगार पडलं होतं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्यांनी दोन कप ठेवले, दोन बशा ठेवल्या. एक खुर्ची आपली. दुसरी आपल्या डाव्या हाताला. तिथे आधीपासूनच सांदीतल्या ओलीसारखा वास येत होता. मग त्यांनी दोन्ही कपांत चहा ओतला.

"या," काकू म्हणाल्या. "बसा. साखर किती ते मला माहीत आहे."

काही झालं नाही. खुर्ची हलली नाही, दिवा विझला नाही. फक्त कपावरची सरळ जाणारी वाफ एकदम आडवी झाली. कोणीतरी फुंकर घातली होती.

काकू जागेवरून हलल्या नाहीत. उजाडायला लागलं तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि मास्तरांचा खणखणीत आवाज आला. सातच्या आत!

"माझं टेबल कोणी मांडलं? काटे उजवीकडे? शाबास!"

मास्तर दारात आले, आणि काकूंना ते दिसले. अख्खे दिसले. पिकलेल्या भुवया, कपाळावरची खूण, कानाच्या पाळीला लागून राहिलेला दाढीचा फेस. नजर कुठेही घसरली नाही. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. आणि तरी हसू येत होतं. या माणसासाठी हे केलं, आणि परत करायची वेळ आली तर परत करीन, असं त्यांना वाटलं.

मास्तर समोर येऊन बसले. त्यांचा चेहरा निवळला. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोचं कौतुक म्हणून कधी केलं नव्हतं. आता ते टेबलावर पुढे झुकले आणि अगदी हळू आवाजात, लग्नाच्या आधी बोलायचे तसे, म्हणाले, "एवढ्या पहाटे उठलीस? माझ्यासाठी? आज किती छान दिसतेयस गं..."

ते काकूंच्या डावीकडे बघत होते.

"अहो," काकू म्हणाल्या. "मी इथे आहे."

मास्तरांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हात लांबवला आणि काकूंच्या हाताशेजारी, रिकाम्या टेबलक्लॉथवर, प्रेमाने ठेवला. पण त्यांची बोटं कापडाला टेकली नाहीत. ती कापडाच्या दोन बोटं वर अलगद थांबली, आणि मग हलकेच मिटली.