चंद्रावरच्या दाराची घाई

धाड्!

बागेचे दार मिटले आणि भिंतीवरच्या पाण्याच्या नळ्या थरथरल्या. पाठोपाठ कोपऱ्यातल्या लाकडी पेटीतून रागाचा गुंजारव उठला. शलाकाने पेटीवर तळवा टेकवला. “गेला आवाज, गेला. घाबरू नका,” ती पुटपुटली.

पेटीत सातेरी मधमाश्या होत्या. चंद्रावरच्या त्या वसाहतीतली ती पहिलीच पेटी. शलाकाच्या आईने, वसाहतीच्या कृषिशास्त्रज्ञाने, ती पृथ्वीवरून आणली होती. पण माश्यांना साखरेचा पाक ठेवायचा, पेटीवर लक्ष ठेवायचे, ही कामे शलाकाने हट्टाने मागून घेतली होती. सातेरी माशी मोठी मानी. घर सारखे हादरू लागले की ते सोडून निघून जाते. पृथ्वीवर जायला रान असते. इथे काचेच्या छतापलीकडे हवासुद्धा नव्हती.

“ही चप्पल कुणाची?”

दारात वसाहतप्रमुख घोरपडे मॅडम उभ्या होत्या. हातात निळी चप्पल.

“माझी,” शलाका खालमानेने म्हणाली. “दार आपटू नये म्हणून अडकवली होती.”

“अगं, हे दार धूर अडवण्यासाठी आहे. आग लागली, तर ते आपोआप मिटायलाच हवं. चप्पल अडकवलेलं दार आणि नुसतं भोक, दोन्ही सारखंच!” मॅडमचा आवाज मऊ झाला. “हे बघ, संध्याकाळी यान पृथ्वीकडे निघतंय. तोवर हे दार आवाज न करता मिटू लागलं, तर छानच. नाहीतर पेटी परत पाठवावी लागेल. माश्यांमुळे धरणाऱ्या तुझ्या काकड्या मलाही आवडतात गं. पण इथल्या माणसांचा श्वास माझ्या जबाबदारीवर आहे.”

लांबलांब उड्या घेत शलाकाने कार्यशाळा गाठली. तिचे आजोबा, यशवंत दाभोळे, आयुष्यभर तंत्रनिकेतनात (तांत्रिक शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात) शिकवून आता वसाहतीची यंत्रे सांभाळत होते. बारकू नावाचा यंत्रमानव त्यांच्या मदतीला असे.

सगळे ऐकून आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. “रडून दार ऐकत नाही, शलू. चल, आधी त्याचं दुखणं विचारू.”

दाराच्या वरच्या कडेला हातभर लांबीची धातूची पेटी होती आणि तिला दुमडणारा दांडा. हा दार आपोआप मिटवणारा डोअर क्लोजर. आजोबांनी पेटीखाली बोट फिरवले. बोट तेलकट झाले.

“तेल गळतंय. म्हणजे हा गेला. याच्यात पुन्हा तेल भरता येत नाही, बदलावाच लागतो. पण नवा कोरा क्लोजर इतक्यात फुटावा का? बारकू, हा कुणी निवडला?”

“मी,” बारकू म्हणाला. “दाराचे वजन चंद्रावर पृथ्वीवरच्या वजनाच्या सहावा भाग भरते. म्हणून सर्वांत छोटा निवडला. माझे गणित बरोबर आहे.”

“बरोबरच आहे की!” शलाका म्हणाली. “दार बसवताना मी ते एकटीने उचललं होतं, आजोबा. पृथ्वीवर दोन माणसं लागली असती. मग असलं हलकं दार आपटून भिंत कशी हादरवतं?”

आजोबा हसले. “गणित बरोबर, पण प्रश्नच दुसरा होता.” त्यांनी क्लोजरचा दांडा सोडवून दार मोकळे केले. “ढकल बघू. हळू.”

शलाकाने दार ढकलले. दार जागचे हलेना. तिने जोर लावला, तेव्हा ते आळसावलेल्या म्हशीसारखे सावकाश निघाले.

“आता थांबव!”

तिने दोन्ही हातांनी कड पकडली. पण दार थांबले नाहीच. उलट तिलाच घेऊन निघाले! गुळगुळीत जमिनीवर तिचे पाय घसरत गेले आणि शेवटी आजोबांनी खांदा लावला, तेव्हा कुठे दोघे थांबले, ती आणि दार.

शलाका दाराकडे पाहतच राहिली. उचलताना जे इतके गरीब होते, ते हेच?

“आता नीट ऐक,” आजोबा म्हणाले. “चंद्र दाराला खाली ओढतो, ते त्याचं वजन. चंद्राची ओढ कमी, म्हणून वजन कमी. पण दारात लोखंड किती आहे? पृथ्वीवर होतं तेवढंच. ते त्याचं वस्तुमान (वस्तूत सामावलेलं एकूण द्रव्य). आणि वस्तुमान जितकं जास्त, तितकं जडत्व जास्त. जडत्व म्हणजे आहे त्या स्थितीत राहण्याचा हट्ट: थांबलेलं दार निघायला नको म्हणतं, निघालेलं थांबायला नको म्हणतं. हा हट्ट चंद्रावर रतीभरही घटत नाही.”

“म्हणजे छोट्या क्लोजरनं...”

“बिचाऱ्यानं रोज थोरल्या दाराला अडवलं. आतल्या तेलावर भलताच दाब आला आणि एक दिवस तेल अडवणारं सील फुटलं.”

बारकूचे दिवे मिणमिणले. “मी वजन विचारले. जडत्व विचारायला हवे होते. नोंद केली.”

“शाबास! चुकलं ते कळलं, की निम्मी दुरुस्ती झाली.”

भांडारात मोठ्या आकाराचा एक क्लोजर होता. नव्या गोदामाच्या दारासाठी तो आणला होता. ते गोदाम अजून उभे राहायचे होते. मात्र त्याची भोके जुन्या भोकांशी जुळेनात. आजोबांनी सोबतचा कागदी साचा दारावर चिकटवला, बिजागरीपासूनचे अंतर दोनदा मोजले आणि खुणा केल्या. शलाकाने ड्रिल दाबले मात्र, दार राहिले बाजूला, तीच मागे तरंगत गेली!

“वजन नाही ना अंगात!” आजोबा खो खो हसले. “बारकू, तू पाय रोवून तिला मागून धर.”

क्लोजर बसला. आजोबांनी सांगितले, “दार उघडताना आपण जी शक्ती लावतो, ती आतली स्प्रिंग साठवते. हात सोडला, की ती दार परत ओढते. नुसती स्प्रिंग असती, तर दार आपटलं असतं. म्हणून आत तेल आहे. दट्ट्या (नळीत सरकणारा ठोकळा) सरकताना तेलाला एका बारीक वाटेनं पलीकडे जावं लागतं. जत्रेतली गर्दी अरुंद बोळातून जाते ना, तसं. दार कितीही घाई करो, तेल आपल्या चालीनंच जाणार. हा स्क्रू ती वाट अरुंद करतो. थोडाच फिरव हं. पूर्ण काढलास, तर तेल अंगावर येईल.”

शलाकाने स्क्रू किंचित फिरवला. दार संथपणे आले, पण चौकटीपाशी थबकले. कडी लागलीच नाही.

“शेवटच्या वीतभर प्रवासाला वेगळा स्क्रू आहे,” आजोबा म्हणाले. “तिथली वाट जराशी मोकळी कर.”

पुन्हा एकदा. पुन्हा. दार आले, शेवटी अलगद पुढे झाले, आणि... टिक.

पेटीतला गुंजारव तसाच, शांत.

“आजोबा,” शलाकाने अगदी हळू विचारले, “एवढी सगळी घाई गेली कुठे?”

“तेलात. उष्णता होऊन.”

तिने क्लोजरवर हात ठेवला. “गार तर लागतोय.”

“मला दिसते आहे,” बारकू म्हणाला. त्याचा डोळा उष्णता पाहू शकत असे. त्याने छातीवरच्या पडद्यावर चित्र दाखवले. निळ्या दाराच्या माथ्यावर क्लोजर किंचित, अगदी किंचित उजळला होता. शलाकाने दार पुन्हा पुन्हा सोडले. प्रत्येक वेळी त्या फिक्या उजेडात कणभर भर पडत होती. दाराची घाई डोळ्यांना दिसत होती!

“आपण ज्या यानातून इथे उतरलो,” आजोबा म्हणाले, “त्याच्या पायांतही असंच तेल होतं. अख्ख्या यानाचा धक्का त्यानं गिळला. पृथ्वीवर भूकंपात उंच इमारतींना सावरायलाही हीच युक्ती वापरतात. बारीक वाट आणि सबुरीचं तेल, बस.”

यान निघायच्या थोडे आधी घोरपडे मॅडम पेटी न्यायला दोन माणसे घेऊन आल्या. आत येऊन त्यांनी सवयीने खांदे आक्रसले, डोळे बारीक केले आणि धाड् होण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. काहीच झाले नाही.

“दार मिटलं नाही वाटतं?” म्हणत त्या वळल्या. दार मिटलेले होते. त्यांनी कडी ओढून पाहिली, घट्ट. मग स्वतः दार उघडले, सोडले, आणि कान देऊन ऐकले. टिक.

एक माशी काकडीच्या पिवळ्या फुलात शिरली. मॅडमनी तिच्याकडे पाहिले आणि बरोबरच्या माणसांना म्हणाल्या, “जा तुम्ही. इथून काही न्यायचं नाहीये.”

शलाकाने आजोबांचा हात गच्च धरला. छताच्या काचेपलीकडे काळ्या आभाळात एक तांबूस ठिपका चमकत होता.

“तिथेही वसाहत होणार आहे ना, आजोबा? मंगळावर?”

“तू मोठी होईपर्यंत होईलही.” आजोबा शेजारी उभ्या बारकूकडे वळले.

“बारकू, मंगळावर दाराचे वजन पृथ्वीवरच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त भरेल,” आजोबांनी मुद्दाम गंभीर आवाजात विचारले. “मग तिथे याच दाराला केवढा क्लोजर लावशील?”

बारकूने तोंड उघडण्यापूर्वीच शलाका म्हणाली, “एवढाच! दार तेच, तर हट्टही तेवढाच.”