वर्तुळातले दोन बिंदू

हिवाळ्यातली सकाळ आमच्या केंद्राच्या खोलीत एकदम येत नसे. आधी पूर्वेच्या खिडकीची चौकट राखाडीतून पांढुरकी होई. मग पठारावरच्या पवनचक्कीचे पाते फिरता फिरता उजेडाचा एक तुकडा भिंतीवर ठेवी आणि लगेच उचलून नेई. सूर्य आणखी वर आला की तो उजेड फरशीवरून सावकाश सरकत टेबलावर चढे, नानांच्या जाड काचेच्या पेल्याला भिडे, आणि पेल्याच्या पलीकडे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा एक बारीक पट्टा उमटे. माझ्याखेरीज तो कोणी पाहत नाही, याचा मला गुप्त आनंद होता.

त्या दिवशी इरा त्या पट्ट्यात तळहात धरून बसली होती.

इरावती माझी आतेबहीण, चंद्रावरच्या वसाहतीत जन्मलेली. पृथ्वीवर येऊन तिला महिनाच झाला होता. इथले वजन पेलावे म्हणून ती पायांना आधारपट्ट्या बांधी. नाना, म्हणजे आमचे आजोबा, त्या छोट्या क्ष-किरण खगोल केंद्राचे प्रमुख. दुर्बीण अवकाशात होती. तिने टिपलेले आकडे रोज सकाळी आमच्याकडे उतरत. नानांची रीत अशी, की यंत्राने आलेख काढण्यापूर्वी एकाने पेन्सिलीने बिंदू मांडायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. खोलीत खोडरबर नसे. शंकास्पद बिंदूभोवती तपासनीस वर्तुळ आखी, आणि ते रद्द होईपर्यंत इतर वेधशाळांना संदेश जात नसे.

तीन महिने बिंदू मी मांडले होते. इरा आली आणि नाना मला म्हणाले, “सोमू, आता तू तपास.” त्यांच्या शेजारची खुर्चीही तिच्याकडे गेली.

आम्ही पाहत होतो ती एक जोडी होती: एक तारा आणि एक कृष्णविवर (ज्याच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही अशी अतिघन वस्तू). इतके दिवस तिचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किरण किती, याचा आलेख) एका सरळ उतरत्या रेषेत येत होता. आज मात्र डावीकडचे, कमी ऊर्जेचे दोन बिंदू एकदम वर चढले होते आणि उजवीकडचे खाली आले होते. एकाच जोडीचा प्रकाश एका दिवसात असा कसा बदलेल?

मी आकडे तीनदा ताडून पाहिले. मग इरेने मांडलेल्या डावीकडच्या दोन्ही बिंदूंभोवती वर्तुळे आखली.

“दुर्बिणीत ऊन शिरलं असेल,” मी म्हणालो.

“मग उजवीकडचे बिंदू खाली कशाला येतील?” इरेने विचारले.

“महिन्याभरात फारच शहाणी झालीस.”

“महिना कुठे लागला, सोमूदादा? मी येतानाच शहाणी होते.”

नाना हसले, आणि ते हसू मला टोचले.

“भांडायला साडेनऊपर्यंत वेळ आहे,” ते म्हणाले. “तोवर संदेश गेला नाही, तर इतर वेधशाळांमधली मोठी दुर्बीण आज दुसरीकडे वळेल. हा बदल काही दिवसांत संपतो. पुन्हा कधी दिसेल, सांगता येत नाही. कॅरम घ्या.”

त्यांनी बोर्डाच्या मधल्या वर्तुळावर बोट ठेवले. “हे कृष्णविवर. ताऱ्याचा वायू याच्याभोवती फिरत फिरत आत येतो. त्याची चकती होते, घासून तापते आणि सौम्य क्ष-किरण देते. चकती लांब थांबली, की मधल्या जागेत अतिशय तप्त, विरळ वायू असतो. त्यातले इलेक्ट्रॉन म्हणजे वेगवान स्ट्रायकर. चकतीचा प्रकाशकण म्हणजे संथ सोंगटी. टक्कर झाली की?”

“सोंगटी जोरात जाते,” इरा म्हणाली. “आमच्याकडे चंद्रावर तर थांबतच नाही!”

“म्हणजे कणाची ऊर्जा वाढते. थोडेच कण पुष्कळ धडका खातात, म्हणून जास्त ऊर्जेचे कण कमी कमी होत जातात. ती सोमूची उतरती रेषा. ही झाली कठोर अवस्था. आता चकती आत सरकली तर?”

मला गप्प राहायचे होते. पण उत्तर माझ्याआधी माझ्या तोंडातून निघाले. “सोंगट्या खूप होतील. प्रत्येक धडकेत स्ट्रायकरचा वेग जाईल. तप्त वायू थंड होईल.”

“मग?”

“मग जोरदार किरण घटतील. चकतीचा सौम्य प्रकाशच जास्त दिसेल. डावीकडे उंचवटा येईल.”

“मृदू अवस्था,” नाना म्हणाले. ते माझ्याकडे पाहत होते. कितीतरी दिवसांनी.

नऊ वाजून बावीस मिनिटांनी मी दोन्ही वर्तुळांवर तिरकी रेघ मारून सही केली. संदेश गेला. थोड्या वेळाने पडद्यावर उत्तर आले: मोठी दुर्बीण त्या जोडीकडे वळते आहे.

“चकती किती आत सरकलीय, ते उद्या कळेल?” इरा पट्ट्यांसकट उभी राहिली. “सोमूदादा, उद्या बिंदू तू मांड. मी तपासते.”

तिच्या आवाजात उपकार नव्हता. तेच मला सोसले नाही.

पानाच्या तळाशी एक चौकट रिकामी होती: रद्द केलेले वर्तुळ कोणत्या कारणाने आखले होते? मी ‘उपकरणाबाबत शंका’ असे लिहिण्यासाठी पेन्सिल टेकवली. खोलीत खोडरबर नव्हता. मी लिहिले:

बिंदू बरोबर होते. वर्तुळे आखण्यापूर्वीच मला ते ठाऊक होते.