पेडण्याचा परदेशी

होडीत पाय ठेवताक्षणी येसूने त्याला ओळखलं. ओळखायला काय लागतं? पौषातल्या धुक्यात मसुऱ्याकडे निघालेला, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्यात लेस बांधून अडकवलेले कातडी बूट — एक छातीवर, एक पाठीवर! असला माणूस दुसरा कोण असणार? पंधरा दिवस अख्ख्या गावाने ज्याच्या नावाने घसा कोरडा केला, तोच हा. भरतगड फुटबॉल क्लबाचा होऊ घातलेला परदेशी मॅनेजर!

परदेशी म्हणजे पेडण्याचा. हसू नका हं. साल त्रेपन्न, आरोंद्याच्या खाडीपलीकडे अजून पोर्तुगिजांचं राज्य होतं. घाट चढून जावं ते कोल्हापूर आपलं, आणि जिथे निम्म्या गावाच्या मावश्या-आत्या दिलेल्या ते पेडणे परदेश. सरकारचा हिशेब तसा होता, त्याला कोण काय करणार?

येसूला मात्र हसू येत नव्हतं. तिचे वडील भाई परब, क्लब निघाला त्या दिवसापासून मॅनेजर. आई गेल्यावर घरात माणसं दोनच, बाप आणि लेक. आणि तिसरा तो फुटबॉल! त्यात हवा भरायची, उसवला तर शिवायचा, खोबरेल चोळायचं, हे सगळं येसूच्या हातचं. आता हा बूटवाला आला म्हणजे भाईंचं मॅनेजरपण गेलं. आणि ते गेलं की भाई खचणार, अंथरूण धरणार... तिच्या मनाने पक्कं घेतलं होतं.

तो सरकून म्हणाला, "बसा."

"मी उभीच बरी."

तेवढ्यात होडी डुलली आणि येसू मुकाट बसली. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडायला निमित्त तरी मिळालं असतं.

"मसुऱ्याक भाई परबांचा घर खंय इला?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"कित्याक? तेंची खुर्ची मोजूक?"

तो चमकला. तिच्याकडे नीट बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "तुमी तेंचा चेडू? तेंची लेक?"

"व्हय. आणि तुमी ते परदेशी."

"नाक्यार शिपायान परदेशी म्हटल्यान, ता समाजलंय. पण तुमी पण?"

"मगे काय पावणो म्हणू?"

"म्हटलास तर... आवडात माका."

येसूने तोंड फिरवून पाण्याकडे बघितलं. बघावंच लागलं — ओठांच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं होतं मेलं!

काठाला उतरताना त्याने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, ऐटीत उडी मारली आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतली. पाय निघाला, चप्पल आतच. त्याने पँट दुमडली, चिखलात उतरून चप्पल उपसून काढली, पाण्यात खळबळली आणि तिच्यापुढे ठेवली.

"माका कोणाचे उपकार नको आसत," येसू म्हणाली.

"उपकार खंय? चप्पल आसा ती."

आणि मग मात्र तो हसला.

*

हौसाबाईच्या चहाच्या दुकानात त्या दिवसांत चहापेक्षा वाद जास्त उकळत होता. सत्यवान — हे त्या पाहुण्याचं नाव — कप्तान रॉकच्या घरी राहून आठवडाभर पोरांना खेळवून बघणार, आणि रविवारी सगळा गाव खेळाच्या मळ्यात जमून काय तो निर्णय घेणार, असं ठरलं होतं. तोवर ज्याच्या तोंडाला जे येईल ते.

"तीन वर्सां सावंतवाडीक जावन मार खातोंव," कप्तान रॉक टेबलावर मूठ आपटायचा. "भाई देवमाणूस, पण देवाक फुटबॉलातला काय कळता? म्हापशाक खेळललो माणूस आसा ह्यो. करूया तेका मॅनेजर!"

"परदेशी माणूस आमच्या पोरांक शिकवतलो?" धोंडू शिंपी उसळायचा. क्लबाचे सदरे त्याने शिवलेले, त्यामुळे आवाज मोठा. "उद्या पोर्तुगीज भाषेत गाळी घातल्यान तर आमका कळूच्यो कशो?"

"गोल खाल्लो काय गाळ आपसूक कळता रे मेल्या," हौसाबाई आतून ओरडायची, "भाषा खंयचीय आसांदे!"

"पण परदेशी तो परदेशीच!"

"धोंडू, तुझी मावशी पेडण्याक दिली ना? ती पण परदेशी मगे! दिवाळीक तिच्याकडचो फराळ खातंस तो कसो चलता?"

इतक्यात भाई दारात दिसले की सगळे गप्प. रॉक घाईघाईने म्हणायचा, "बांगड्याचो भाव बरोच चढलो हा, नाय रे?"

भाई शांतपणे बाकावर बसायचे. "काल पण चढललोच होतो," एवढंच म्हणून चहा बशीत ओतायचे. मैदानावर काय, दुकानात काय, भाईंचा आवाज कधी चढला म्हणून नाही.

बुधवारी संध्याकाळी सत्यवान उसवलेला फुटबॉल घेऊन भाईंच्या घरापुढच्या खळ्यात उभा राहिला. आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास अंगणभर दाटला होता. येसूने न बोलता बॉल घेतला आणि दाभण ओवला. तो पायरीवर बसून तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"इतकी घट्ट शिवण म्हापशाक पण कोण घालीत नाय."

"गोड बोलान काय उपेग नाय. तुमी परत जावा."

"कित्याक पण?"

मग तिला राहवलं नाही. दाभण बाजूला ठेवून ती म्हणाली, "माझी आवस गेल्यार भाई कोणाशी धड बोलत नाय होते. जेवणाचा ताट समोर घेवन नुसते बसत. ह्या क्लबान तेंका परत उबे केल्यान. आणि तुमी तो क्लबच काडून घेवक इलास! माझो बापूस जगतलो कसो ओ मगे?" बोलता बोलता डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

सत्यवानाने तोंड उघडलं... आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "येसू... मी एका माणसाक शबुद दिलो आसा. नायतर आत्ता, ह्या पायरेर बसान तुका सगळा —"

"कोणाक?"

"ता सांगलंय तर शबुद रवलो खंय?"

तो बॉल काखेत मारून निघून गेला. बेड्याशी, कुंपणाच्या दाराशी, जाऊन एकदा वळून बघितलं त्याने. अहो, आणि येसूही बघतच होती की!

तिथून पुढे तिची झोप उडाली. तो पोरांना शिकवायला मळ्यात जायचा तो त्यांच्याच घरावरून. पाणंदीत पावलं वाजली की तिला न बघता कळायचं, हा आला. शत्रूच्या पायांचा आवाज ओळखता यायला लागला म्हणजे काय समजायचं माणसाने? घरी भाई जेवताना त्याचं नाव काढून खुदकन हसायचे, आणि तिचा घास तोंडातच राहायचा. तो राहिला तर भाईंचं जाणार. तो गेला तर... तर तिचं काय जाणार, हे तिला आठवड्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर तिलाच हसू आलं असतं.

*

रविवारी मळ्यात ही गर्दी! कापणी होऊन गेलेली, भुईत भाताचे खुंट, आणि चारी बाजूंच्या मेरांवर, म्हणजे बांधांवर, माणसं बसलेली. रॉक बोलला, धोंडू बोलला, रॉक पुन्हा उठून बोलला, मग दोघं एकदमच बोलायला लागले. सत्यवान एका बाजूला मान खाली घालून उभा होता. भाई गवताची काडी चघळत होते.

आणि हौसाबाईच्या शेजारून येसू उठली. असल्या सभेत बाईमाणसाने बोलायची रीत नव्हती. पण रीत बघत बसायला वेळ कुणाला होता?

"तुमका लाजा वाटाक होये!" ती रॉककडे बोट करून म्हणाली. "भाईंनी तुमका अनवाणी पायान धावाक शिकवल्यानी. कोणाचो पाय मुरगळलो तर रातभर तेल चोळीत बसले. आज तेंच्या तोंडार तुमी तेंका काडतास? भाईंका ह्यो क्लब सोडूक सांगशात, तर... तर आदी माका उत्तर द्या!"

रॉकने टोपी काढून हातात घेतली.

भाई उठले. "येसू, बस गो बाय." मग गावाकडे वळून म्हणाले, "ह्या पोरग्याक हय कोणी बोलावल्यान, म्हायत आसा? रॉकाच्या कानात कोणी घातल्यान? मियाच! आरोंद्याच्या होडयेवाल्याकडसून पेडण्याक सांगणा धाडलंय. आणि शबुद घेतलंय तेच्याकडसून, माझ्या चेडवाक मी सांगीसर तू तोंड उगडू नको."

भाईंनी काडी फेकून दिली, आणि कधी नव्हे तो त्यांचा आवाज चढला.

"पंधरा वर्सां मी मॅनेजर. एक म्याच सुखान बघूक नाय मी! पंच चुकलो, मॅनेजरान गप रवाचा. ह्या रॉकान उगड्या गोलासमोर बॉल आभाळात मारल्यान, मॅनेजरान तेच्या पाठीर हात फिरवूचो. आणि तुमी? मेरेर बसान शेंगदाणे खातास, बोंबा मारतास, मॅनेजराच्या नावान शिमगो करतास! माका कोणाच्या नावान करूक गावलो? कोणाक गाळ घालू? मियाच मॅनेजर! मरूच्या आदी एकदा तरी मेरेर बसान मॅनेजराक गाळी घालूच्यो आसत रे माका!"

मळाभर असा हशा उसळला की झाडावरचे बगळे उडाले. धोंडू तर डोळे पुसत होता. "मगे आदी सांगलास नाय कित्याक, भाईनू?"

भाईंनी येसूकडे बघितलं. "ह्या चेडवान बॉल शिवन शिवन बोटांक घट्टे पाडून घेतल्यान. माका वाटला, हिचो जीव क्लबात आसा. मी सोडलंय, तर हिका मगे रवला काय?"

येसूला हसू आणि रडू एकदमच फुटलं. बापासाठी लेक, लेकीसाठी बाप — दोघं एकमेकांसाठी एकच ओझं वाहत होते, आणि खाली ठेवायला दोघांपैकी कुणी धजत नव्हतं! तिने जाऊन भाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. भाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"परदेशी तर परदेशी," धोंडू शेवटी म्हणाला. "माझ्या मावशीच्या गावचो तरी आसा!" आणि वाद मिटला.

*

माणसं मैदानाच्या कोपऱ्याकडे जमू लागली. नवीन मॅनेजरासाठी देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं, घालायचं होतं, नारळ ठेवायचा होता. सत्यवान पलीकडच्या मेरेवर एकटाच उभा होता. येसू त्याच्यापाशी गेली. कशी गेली, तिचं तिलाच ठाऊक.

"मी तुमका नाय नाय ता बोललंय..." तिची नजर वर होईना. "तुमका सगळा म्हायत होता. एका शब्दान माझा तोंड बंद करूक येय होता तुमका. केलास नाय. माझ्या भाईंका तुमी मोकळे केलास ओ. हे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार तर माझ्यार झाले. म्हापशाक माझ्यासारखे खूप आसत, माका कोण विचारता? भाईंनी आपणहून बोलावल्यानी." तो थांबला. मेरेवरच्या गवताचं पातं खुडलं, बोटाला गुंडाळलं. "आणि खरा सांगू? बापाशीसाठी इतक्या भांडणारा माणूस मी आदी बघूक नव्हतंय. त्या दिसा पायरेर बसान वाटला... आपल्यासाठी पण कोणीतरी एकदा असा भांडूचा."

येसूची जीभ कुठली गप्प बसायला!

"भांडणच होया तर मिळतला. रोज मिळतला."

"रोज? मगे माका हयच रवाक होया."

"रवा की... कोण नको म्हणता?"

"रॉकाच्या घरात न्हय गो. मी म्हणतंय, तुझ्या —"

"गप रवा रे सगळे!" तिकडून भाईंची हाक आली. बोलणं अर्धंच राहिलं. पण त्याचे डोळे बाकीचं बोलून गेले, आणि येसूच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

भाईंनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले. हिंदूंनी हात जोडले, रॉकने आणि त्याच्या भावांनी छातीवर क्रूस केला.

"बा देवा म्हाराजा! आजपर्यंत तू आमका हरवलंस, पण एका पोराचो पाय मोडूक दिलंस नाय, तेचे उपकार आमी इसरणव नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका सुरात साथ दिली.

"हो पेडण्याचो झील, तेका सरकार परदेशी म्हणता. तू तेका आपलो म्हण, तेच्या हाताक यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माका मेरेर बसाची जागा दिलंस, डोळे भरान खेळ बघूची येळ दाखयलंस, तेचे उपकार म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाई थांबले. मिटल्या डोळ्यांनीच किंचित हसले.

"आणि म्हाराजा... हो झील आणि माझा चेडू, दोघा त्या पलीकडच्या मेरेर उबी आसत. मॅनेजर गप रवता, पण तेका दिसता सगळा. तेंच्या मनात जा काय आसा, ता दोघांचाय खरा आसात, तर तू ता तडीक ने म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव सवयीने गरजला, आणि मग आपण कशाला होकार दिला ते गावाच्या ध्यानात आलं. एकेक मान वळली. हौसाबाईने तोंडाला पदर लावला, रॉकचा तर आ वासलेला तसाच राहिला. सत्यवान कानापर्यंत लाल झाला होता, पण हात त्याने जोडलेलेच ठेवले होते.

येसूला पळून घरात शिरता आलं असतं. तिने भाईंकडे बघितलं, सत्यवानाकडे बघितलं. किती दिलं होतं तिला देवाने, आणि ती आठवडाभर भांडत होती! तिने हात जोडले, मान वर केली. सगळा मळा श्वास धरून उभा असताना तिचा एकटीचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"व्हय म्हाराजा."