डंकाकडे पाठ

"मॅडम, तुम्ही कॅमेऱ्याशी बोलताय की मिरच्यांशी?"

आवाज आला आणि श्रुतिकाचा आठवा टेक गेला कामातून. तिने वैतागून पाहिलं. दारात एक उंच पोरगा, काखेत मिरच्यांची पिशवी, नाकाला रुमाल... आणि रुमालाच्या वरचे डोळे चक्क हसत होते!

"तुम्हाला काय करायचंय?" ती फणकारली.

"काही नाही. माझा नंबर यायला वेळ आहे, तोवर फुकटचा शो बघतोय."

मे महिना, दुपारचे तीन, आणि विक्रोळीतला धोंडिरामचा मसाल्याचा डंक. लोखंडी मुसळं उखळात धाडधाड आपटत होती, मिरचीचा खकाणा उडत होता, आणि आपली श्रुतिका मोरपिशी साडी नेसून, लिपस्टिक लावून, स्टुलावर मोबाइल टेकवून उभी! कारणही तसंच होतं. मुलुंडच्या कोकण महोत्सवात एका नव्या घरगुती उद्योगाला दहा दिवसांचा स्टॉल मोफत मिळणार होता. अट एकच — माल तयार होत असताना मालकिणीने स्वतः कॅमेऱ्यासमोर मिनिटभर बोलायचं. व्हिडिओ आज पाचच्या आत पाठवायचा. दोन वर्षं श्रुतिका आईच्या हातचा मालवणी मसाला ओळखीपाळखीत विकत होती. 'नलिनी मसाले' हे आईचं नाव चारचौघांत मिरवायची ही पहिलीच संधी. सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"नमस्कार, मी श्रुतिका, नलिनी मसाले..." नवव्यांदा सुरुवात झाली, आणि मान पुन्हा गर्रकन मागे वळली.

"परत!" तो म्हणाला. "अहो, आहे काय एवढं मागे?"

"माझा मसाला आहे! आई म्हणते, डंकाकडे पाठ फिरवली की आपल्या मिरच्या दुसरीच्या घरी जातात. तिचा गुडघा धरलाय, म्हणून आज मी एकटी. आता मी कॅमेऱ्यात बघू की उखळात?"

आणि खोटं काय त्यात? डंकावर बायका आपापल्या मसाल्यावर घारीसारखी नजर ठेवून बसतात, ते काय उगाच?

त्याने पिशवी खाली ठेवली. रुमाल खाली आला, तेव्हा उजव्या गालाला खळी पडते हेही तिला कळलं... कळायची काही गरज नव्हती खरं तर.

"मी सर्वेश. अंधेरीला स्टुडिओत कॅमेरा असिस्टंट. फोन माझ्याकडे द्या. तुमच्या मागचा डंक मला इथून सरळ दिसतो. मसाल्याकडे मी बघतो, तुम्ही फक्त माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे कशाला?"

"गडबड झालीच तर माझ्या तोंडावर कळेल ना! आणि... अहो-जाहो बंद करू या का? नऊ टेक झाले आता."

श्रुतिकाने हसू दाबलं. "बघ हां... एक मिरची जरी इकडची तिकडे झाली ना, तर तुलाच घालीन कांडायला!"

"झकास! असंच बोल."

ती खळखळून हसली, आणि हसता हसताच सुरू झाली. पाठ केलेलं भाषण गेलं उडत. मिरच्यांचे देठ खुडून आईच्या हातांची आठ-आठ दिवस आग होते, तरी ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही... दगडफूल निवडताना खडा सापडला की दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करते... बोलता बोलता श्रुतिकाची मान एकदाही मागे वळली नाही. समोरचे डोळे एवढ्या खकाण्यातही तिच्यावरून हलत नव्हते. आणि छातीत हे काय धडधडतंय? डंक तर मागे आहे!

"आईला वाटतं, तिला फक्त मसाला येतो," ती शेवटी म्हणाली. "मला वाटतं, असा मसाला तरी कितीजणींना येतो? या, चाखून बघा."

"कट..." सर्वेश पुटपुटला. "कडक. एकदम कडक."

"खरंच? आणि मसाला? नीट आहे ना?"

सर्वेशने घाईघाईने फोन तिच्या हातात ठेवला. त्याचे कान लालबुंद झाले.

"डंकाकडे बघत होतास ना?"

"सुरुवातीला... हो."

"आणि मग?"

"मग तू हसलीस ना..."

"अरे मेल्या!" श्रुतिका साडी सावरत उखळाकडे धावली. मसालाच बिघडला तर स्टॉलवर काय, नुसता व्हिडिओ विकायचा?

उखळापाशी पुढच्या नंबराच्या द्रौपदीमावशी आपल्या धण्यांची पिशवी कवटाळून उभ्या होत्या. "आता आलीस? हा धोंडिराम माझे धणे तुझ्या मिरच्यांत ओतत होता! मी हात धरला त्याचा, म्हणून वाचलीस. आणि तो तुझा राखणदार बघ! तोंड सरळ इकडे, पण दिसतंय कुणाला?"

अख्खा डंक हसला. श्रुतिकाला रागवायचं होतं हो... पण जमेचना.

पाचला सात मिनिटं असताना व्हिडिओ गेला. "निकाल कळला पाहिजे ना मला," म्हणत सर्वेशने तिचा नंबर घेतला. मग रोज सकाळी मेसेज — 'लागला का?' निकालाला आठ दिवस लागले. तोवर त्याला वांग्याचं भरीत आवडत नाही इथपर्यंत तिची माहिती पोचली होती.

आठव्या दिवशी महोत्सवाचा फोन आला. आईच्या गळ्यात पडून, तिच्या तोंडात साखर भरवून श्रुतिका गॅलरीत धावली.

"मिळाला! सर्वेश, स्टॉल मिळाला रे!"

तो एवढ्या जोरात ओरडला की तिकडे कुणाचातरी शॉट नक्की वाया गेला असणार.

"ऐक ना..." ती साडेतीन वेळा अडखळली. "गिऱ्हाइकांशी बोलताना मसाल्याकडे पाठ होईल माझी. दहाही दिवस. कुणीतरी लागेल... बघायला."

पलीकडे सर्वेशचा आवाज एकदम खाली आला.

"श्रुतिका, मसाल्याकडे बघणं मला नाही जमत गं. तू समोर असलीस की माझी वाट लागते. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तर तुला बोलावतेय."