हातोबाचे फाटके मोदक

क्षणभर एक हात डोळ्यांसमोर आणा बघू. माणूस नाही, नुसता हात, मनगटापासून पुढचा. राखाडी रबराची कातडी, पाच बोटं आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला एक संवेदक (दाब, उष्णता अशा गोष्टी ओळखणारा छोटासा भाग). हा हात स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका लाकडी खुंटावर बसवलेला आहे आणि त्याच्यासमोर आहे वाफाळती उकड. आणलात डोळ्यांसमोर? मग तुम्ही आजपासून तीसेक वर्षं पुढच्या दापोलीत, शाल्मलीच्या घरी पोचलात.

हा हात बनवला होता शाल्मलीच्या आत्याआजीने. म्हणजे तिच्या आजोबांच्या बहिणीने. आत्याआजी यंत्रशास्त्रज्ञ. शेजारच्या नलूकाकूंचा उजवा हात एका अपघातात गेला होता आणि त्यांच्यासाठी ती हे काम करत होती. "चमचा काय, कुठलाही हात धरेल," ती म्हणायची. "नलूला मोदकाच्या कळ्या पाडता आल्या पाहिजेत. त्या जमल्या तर सगळं जमेल."

शाल्मलीने हाताचं नाव ठेवलं हातोबा.

गणपतीची सुट्टी लागली होती. शाल्मली पारीत सारण भरून ती एका वाटीत ठेवून द्यायची. हातोबा चिमटीने कळ्या पाडायचा आणि मोदकाचं तोंड मिटायचा. ताट भरलं की वरचा कॅमेरा ताटाकडे बघायचा. बोटांना दाब कळायचा, पण पारी फाटली की नाही हे फक्त कॅमेऱ्याला दिसायचं. मग हातोबा पुढच्या ताटाला बोटांचा दाब थोडा बदलायचा. पहिल्या दिवशी सगळे मोदक चेंदामेंदा. दुसऱ्या दिवशी निम्मे. असं रोज थोडं थोडं सुधारत होतं.

शाल्मलीचं स्वतःचं मात्र काही सुधारत नव्हतं. कॉलनीच्या गणपतीपुढे तिला तबल्यावर एक कायदा (तबल्यावरची एक बांधीव रचना) वाजवायचा होता. सुरुवात छान जायची. 'तिरकिट' हे बोल आले की बोटं एकमेकांत अडकायची. घरी ती दार लावून बसायची आणि तिरकिट आलं की थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. क्लासमध्ये तिथे ती हात अगदी हलका ठेवायची, म्हणजे इतर मुलांच्या आवाजात तिची चूक ऐकूच यायची नाही. घैसास सरांनी विचारलं होतं, "वाजवणार ना? आज संध्याकाळपर्यंत फोन करून सांग." शाल्मलीने ठरवून टाकलं होतं. नाही म्हणायचं. आपल्या बोटांत तबला नाही, तर नाही.

त्याच सकाळी आत्याआजी पडद्यावरचे आकडे बघत कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"शालू, हे कोडं बघ. गेले तीन दिवस पडदा म्हणतोय की हातोबाची एकही चूक नाही. पण काल मी माझ्या डोळ्यांनी त्याला मोदक फाडताना पाहिलं. तीन दिवसांपूर्वी फाडत होता अगदी तस्साच! बिघाड कुठे आहे, कॅमेऱ्यात की माझ्या डोक्यात?"

"कॅमेऱ्यात असेल," शाल्मली घाईने म्हणाली.

"कॅमेरा तपासला. ठणठणीत आहे. हातोबा, तूच सांग. तीन दिवस दाब का बदलला नाहीस?"

हातोबाच्या खुंटातून बारीक आवाज आला, "माझी चूक झाली नाही. म्हणून मी काही बदललं नाही."

आत्याआजी हसली. मग हसता हसता थांबली आणि शाल्मलीकडे बघू लागली.

"एक सांग गं. तू तीन दिवस रात्री जेवत का नाहीयेस?"

शाल्मलीचे कान लाल झाले. "भूक नसते."

"का नसते?"

"कारण... फाटके मोदक मी खाते."

"सगळे?"

"मग काय करू? फाटका मोदक ताटात ठेवतात का? आई तर लगेच बाजूला काढते, घरच्यांसाठी. आणि कॅमेरा बघतो तेव्हा बिचाऱ्या हातोबाला कसं वाटत असेल!"

आत्याआजी इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, नैवेद्याच्या ताटात नाही ठेवायचे. हे शिकायचं ताट आहे! इथे फाटका मोदकच सगळ्यात कामाचा."

तिने एक फाटकी पारी तळहातावर घेतली. "हे बघ. कुठे फाटली?"

"तळाशी."

"म्हणजे पारी तिथे पातळ होती किंवा अंगठा जोरात दाबला गेला. चांगला मोदक हातोबाला एवढंच सांगतो की असंच कर. फाटका मोदक सांगतो, कुठे बदल आणि किती बदल. याला म्हणतात प्रतिपोषण (केलेल्या कामाचा परिणाम करणाऱ्यापर्यंत परत पोचणं). तू ते खाऊन टाकलंस."

"सारणासकट," शाल्मली पुटपुटली.

"माझ्या कार्यशाळेत ये एकदा. मोडलेली बोटं मी समोरच्याच फळीवर मांडली आहेत. नव्या मुलांना आधी तीच दाखवते."

"पण आत्याआजी, हातोबा यंत्र आहे. त्याचा दाब बदलता येतो. माणसाला एखादी गोष्ट येत असते, नाहीतर येत नसते."

"असं कोण म्हणालं? तुझ्या डोक्यात अब्जावधी चेतापेशी (मेंदूत इकडून तिकडे निरोप नेणाऱ्या पेशी) आहेत. त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. तू एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करतेस, तेव्हा त्या कामातल्या जोडण्या बळकट होतात. वापरात नसलेल्या हळूहळू सैल पडतात. मेंदू म्हणजे एकदा भाजून पक्का झालेला माठ नव्हे. तो या उकडीसारखा आहे. मळत राहिलं की मऊ राहतो."

"म्हणजे चुकत राहिलं की आपोआप येतं?"

"छे! नुसतं चुकत राहिलं तर चुकायचीच सवय लागते. चूक बघायची, कुठे झाली ते शोधायचं, पुढच्या वेळी एवढंसं बदलायचं. एकट्याला दिसली नाही तर दुसऱ्याला दाखवायची. मी या वयात कळ्या पाडायला शिकतेय. माझे मोदक बघितलेस ना?"

"पिशव्या दिसतात," शाल्मली म्हणाली.

"कालच्यापेक्षा बऱ्या पिशव्या," आत्याआजी म्हणाली.

त्या दुपारी शाल्मलीने एकही मोदक खाल्ला नाही. सगळे फाटके तिने ताटात मधोमध मांडले. कॅमेऱ्याने बघितलं. "दाब कमी केला. अंगठा थोडा वर घेतला," हातोबा म्हणाला. पुढचं ताट आधीच्यापेक्षा चांगलं झालं, त्याच्या पुढचं आणखी. चार वाजता नलूकाकू डोकावल्या, हातोबाचा एक मोदक उचलून चारी बाजूंनी फिरवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कळ्या अजून जाड आहेत हं याच्या. राहू दे. मी लावून घेते हाताला, मग आम्ही दोघं मिळून शिकू."

त्या गेल्यावर शाल्मली बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. आपण क्लासमध्ये हात हलका ठेवायचो, तेव्हा सरांच्या ताटातूनही फाटके मोदकच उचलत होतो की.

तिने फोन लावला.

"सर, मी शाल्मली. मी वाजवणार आहे. पण उद्या क्लासला जरा लवकर येऊ का? माझं कुठे फाटतंय ते तुम्हाला दाखवायचंय."

"फाटतंय? अगं, तबल्याची पुडी फाटली की काय?"

"नाही हो सर. तिरकिट फाटतंय."

पलीकडून सर मोठ्याने हसले. "ये, ये. कधीची वाट बघतोय मी!"

फोन ठेवून शाल्मली खोलीत गेली. तबल्याचं कापड काढलं. सवयीने दार लावायला उठली, मग तशीच परत फिरली आणि दार सताड उघडं ठेवून बसली. या वेळी तिने कायदा पहिल्यापासून सुरू केला नाही. जिथे बोटं अडकायची तिथूनच, अगदी सावकाश, एकेक बोल मोजत तिने तिरकिट वाजवायला घेतलं.