कोबीची मान

रविवारी सकाळी खुडबुड्याने बाजारातून दोन कोबी आणि चार काकड्या आणल्या, पण त्यातलं काहीही स्वयंपाकघरात जाणार नव्हतं. सिनेमात पावलांचे, दारांचे, हाडं मोडल्याचे आवाज भरणं हा त्याचा धंदा. मान मोडायची तर कोबी लागतो, आणि तो ताजाच हवा, असं त्याचं अनुभवी मत होतं. खुडबुड्या हे नाव स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलेलं. बायकोने ते आनंदाने उचललं होतं.

आज मात्र काम नव्हतं, लेकीवर इलाज करायचा होता. दहा वर्षांच्या त्या शहाणीने मैत्रिणीच्या घरी चोरून भुताचा सिनेमा पाहिला, तोही नेमका बापाने आवाज भरलेला. तेव्हापासून घराची पार दैना झाली होती. ती अंघोळीला गेली की दाराबाहेर आई-बापांपैकी कुणीतरी सतत बोलत राहायचं, जरा थांबलं की आतून किंकाळी. बारा दिवसांत खुडबुड्याचे पाढे संपले होते आणि आता तो पेपरातल्या जाहिराती वाचून दाखवत होता. हे एक वेळ चाललं असतं. पण पोरगी रात्रभर टक्क जागी असायची, डोळे खोल गेले होते. परवा ती वर्गात बाकावरच झोपली आणि शाळेतून बाईंचा फोन आला.

"भूत तुझं आहे, तूच उतरव," बायको म्हणाली.

स्टुडिओच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींवर जाड पडदे, कोपऱ्यात जुन्या बुटांचा ढीग, आणि कुठेही न उघडणारी तीन दारं नुसतीच उभी. ओल्या फडक्यांचा वास दाटलेला. त्याने आतून कडी लावली तसा बाहेरचा सगळा आवाज तुटला. लेकीने त्याचा शर्ट घट्ट धरला.

"बाबा... नको ना."

"बघ तर."

त्याने आवाज बंद ठेवून तोच सिनेमा लावला. पांढऱ्या साडीतली बाई जिना उतरू लागली. खुडबुड्याने ओला टॉवेल फरशीवर आपटला. चप्प... चप्प...

"ही तिची पावलं?"

"हो."

"हा आपला टॉवेल आहे! आई कधीची शोधतेय!"

"तिला बोललीस तर बघ."

मग कोबी. लेकीने स्वतः दोन्ही हातांनी पिळला. करकच्च! पडद्यावरच्या माणसाची मान मोडली, आणि पोरगी खो खो हसत खाली बसली. दुसऱ्या कोबीचाही तिने मुडदा पाडला. वर भुताला दम दिला, "बाई, जरा हळू चाला, आमचा टॉवेल मागे राहतोय!" खुडबुड्याला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

"आता शेवटचं," त्याने सिनेमा बंद केला. "आमच्यात पद्धत आहे. काम संपलं की मिनिटभर कुणी हलायचं नाही, आणि रिकाम्या खोलीची नुसती शांतता भरून घ्यायची. ऐक. काहीच नसतं."

त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, माइक पूर्ण वाढवला आणि समोर हाताची घडी घालून उभा राहिला. ती डोळे मिटून बसली. अर्धं मिनिट गेलं असेल.

ती खुदकन हसली. "बाबा, हे कशाने केलंस?"

"काय...?"

"हेच. बाई हळूच माझं नाव घेतेय ते."

खुडबुड्या जागच्या जागी थिजला. त्याने दाराकडे पाहिलं. कडी होती तशीच होती. मग त्याने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर भीतीचा मागमूस नव्हता. खरं बोललो तर संपलंच, पोरगी पुन्हा कधी झोपायची नाही, हे त्याला लख्ख कळलं.

"मी... मीच केलं," तो म्हणाला.

"पण कशाने?"

"काकडीने."

"काकडीने?" लेक थक्क झाली. "भारीच आहेस तू! परत कर ना."

काकड्या पिशवीतच होत्या. खुडबुड्याने दोन्ही हात खिशात घातले आणि श्वास रोखला. आवाज मोजणाऱ्या यंत्रावरचा काटा सावकाश वर सरकला.

लेकीने टाळ्या पिटल्या. "वा! आता तर अगदी कानाजवळून केलंस!"