धुळाचा गिलास

जे मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं, तेवढंच लिहितो आहे. एक शब्दही पदरचा नाही.

१९७४ चा डिसेंबर. सोलापूरजवळ सीना नदीचा काठ. रात्र नव्हती… लख्ख सकाळ होती. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

मी नुकताच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो होतो. एका गिरणीच्या रंगखात्यात लागलो होतो. राहायला गिरणीच्या क्लबमागची खोली. शेजारी क्लबचा बारमन मायाप्पा आणि त्याची बायको चिमाबाई.

मायाप्पा स्वतः थेंबही पीत नसे. पण व्हिस्की सावर बनवावं तर त्यानंच. मी खोदून खोदून विचारायचो आणि तो जुन्या साहेबांकडून ऐकलेलं सांगायचा. जहाजावर खलाशांच्या हिरड्या सडू नयेत म्हणून लिंबाचा रस दारूत मिसळून देत. तेच पुढं जमिनीवर आलं आणि त्यात व्हिस्की पडली. व्हिस्की, लिंबू, साखर. मूळ एवढंच. मग कुणी अंड्याचा पांढरा बलक घालून फेस आणला, कुणी वरून लाल वाइनचा थर सोडला.

"तुमी रंग बनवता, आमी बी रंगच बनवतो की, केमिस्टसाहेब," तो हसायचा.

त्याचा स्वतःचाही एक प्रकार होता. साखरेऐवजी गुळाचा पाक, वर अंड्याचा फेस. तो क्लबात कुणालाच मिळत नसे.

तो धुळाचा होता.

धुळा त्याचा एकुलता मुलगा. फौजेत होता. सुट्टीवर आला की बाप त्याला तो ग्लास करून द्यायचा. एकाहत्तरच्या लढाईत धुळा बेपत्ता झाला. तार आली. धुळा आला नाही.

मायाप्पाला त्याचं क्रियाकर्म करायचं होतं. चिमाबाईनं करू दिलं नाही. जित्या पोराला पिंड घालायचा नाही, एवढंच ती म्हणायची. त्यावरून दोघांत दिवसच्या दिवस अबोला असायचा.

आणि मग मायाप्पाच गेला. तापानं.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. त्याचा धाकटा भाऊ धोंडप्पा यानं पिंड ठेवला. सगळे मागे सरकलो.

बाभळीवर कावळे होते.

एकही खाली येईना.

धोंडप्पानं हात जोडले. वहिनीला अंतर देणार नाही, घर मोडू देणार नाही, असं सगळं कबूल केलं. कावळे नुसते बघत होते. ओरडतही नव्हते…

कुणीतरी म्हणालं, बारमनचा जीव आहे, दारू ठेवून बघा. धोंडप्पानं बाटली आणलीच होती. लिंबू-साखरही होती. मी मायाप्पानं शिकवलेलं साधं व्हिस्की सावर बनवून पिंडाशेजारी ठेवलं.

काही नाही.

"जलमभर दुसऱ्याला पाजली त्यानं," धोंडप्पा म्हणाला. "आता मेल्यावर कशाला पितोय?"

वारा पडला होता. आणि मला आवाज आला…

किण… किण… किण.

चमचा काचेवर फिरावा तसा. मायाप्पा ढवळायचा, अगदी तसाच.

चमचा तर माझ्या हातात होता, स्थिर.

चिमाबाईनं मान वर केली. तिनंही ऐकलं होतं.

"वहिनी," धोंडप्पा हळूच म्हणाला, "धुळाचा बी पिंड ठेवू या. दादाचा जीव त्यातच आडकलाय."

"न्हाय."

तिनं पिंडाशेजारच्या भरल्या ग्लासाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "पिंड नगं. गिलास ठेवा. गिलास जित्या माणसाला बी देत्यात."

जवळच्या वस्तीवरून अंडं आणलं. गूळ शिदोरीत होता. डब्यात हलवून हलवून मी फेस काढला. तो ग्लास पिंडापासून लांब ठेवला, तिनं सांगितलं तिथं.

मी वळायच्या आत पंख फडफडले. कावळा उतरला आणि मायाप्पाच्या पिंडाला शिवला.

सगळे सुटल्यासारखे झालो. अंघोळीला पाण्यात उतरलो. कुणीही मागे थांबलं नाही.

परत आलो…

साधा ग्लास भरलेलाच होता.

धुळाचा रिकामा होता.

मी नीट तपासलं. ग्लास कलंडला नव्हता. भोवतीची वाळू कोरडी होती. कावळ्याची चोच तळापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. काठावरच्या फेसात मात्र एका बाजूला ओठ टेकल्याची खूण होती.

"प्याला की त्यो," चिमाबाई म्हणाली आणि हसली. तिला हसताना मी प्रथमच पाहिलं.

मग तिनं नदीकाठाकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी वाळू. आमच्या पावलांखेरीज कुणाचं पाऊल नाही.

जिता माणूस आला असता, तर दिसला असता…

हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं. ती खाली बसली.

"भावजी," ती म्हणाली, "त्याचा बी करा आता."

भाताचा गोळा तिनं स्वतःच वळला. लहान मुलाला घास भरवतात, तेवढाच केला.

त्याला कावळा शिवायला वेळ लागला नाही.

त्या दिवशी पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाला मी नंतर विचारलं. कुणीच ग्लासाला हात लावलेला नव्हता. दुसरं काही कारण मला अजून सापडलेलं नाही.

पण संध्याकाळी चिमाबाई दारात येऊन उभी राहिली होती, ते विसरता येत नाही. तिला एकच विचारायचं होतं.

"गूळ पुरेसा घातला व्हता न्हवं?"

मी हो म्हणालो.

चव मी घेतली नव्हती…